गावातून कोल्हापूरला कॉलेजला जाताना : बारावीच्या हिवाळ्यापासून पहिल्या दिवाळीपर्यंत

बारावीपर्यंत आपल्या मुलांना कुणी ना कुणी विचारत असतं. दोन दिवस वर्गात दिसली नाहीत तर वर्गशिक्षक शेजारच्या पोराकडं चौकशी करतात, फॉर्म राहिला तर शिपाईमामा निरोप धाडतात, एसटी चुकली तर गावातलं कुणीतरी गाडीवरून स्टँडपर्यंत सोडतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे एका दिवसात थांबतं. वर्गात शंभराच्या आसपास मुलं, प्रत्येक तासाला वेगळे सर, नोटीस फळ्यावर नाहीतर ग्रुपवर. तिथं आपण होऊन विचारावं लागतं.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला शिकवते. दरवर्षी जूनमध्ये माझ्या वर्गातली मुलं कोल्हापूरला जातात आणि दिवाळीत भेटायला येतात. ज्यांचं पहिलं वर्ष अडखळलं, त्यांतली बहुतेक हुशारच होती. त्यांना विचारायची सवय नव्हती. ही सवय लावता येते आणि ती लावायची वेळ जून नव्हे, बारावीचा हिवाळा आहे. ज्यांच्या घरातलं मूल पहिल्यांदाच कॉलेजला निघालंय, त्या आईवडिलांसाठी आणि माझ्यासारख्या शिक्षकांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते.

डिसेंबर-जानेवारी : फाइल आणि फोन नंबर

निकाल अलीकडं मे महिन्यात लागतो आणि लगेच सगळा जिल्हा सेतू केंद्राच्या दारात उभा राहतो. सर्व्हर बंद, तलाठी जागेवर नाहीत, आणि प्रवेशाची तारीख उद्याची. बोर्डाची परीक्षा सुरू व्हायच्या आत निम्मं काम उरकून टाका. आधार, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, अधिवास प्रमाणपत्र, दहावीचं गुणपत्रक, रेशनकार्ड, मुलाच्या नावाचं बँक खातं, हे सगळं एका फाइलीत लावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षणातून जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. तो राहिला की पुढं फार धावाधाव होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र नवं आर्थिक वर्ष लागल्यावर, एप्रिल-मेमध्ये काढा.

आता एक काम जे कुणी करत नाही. सगळी कागदं चटईवर शेजारी-शेजारी मांडा आणि नावं अक्षर न् अक्षर जुळवा. दहावीच्या गुणपत्रकावर वडिलांचं नाव ‘दत्तात्रय’ आणि आधारवर ‘दत्तात्रेय’, एवढ्या एका मात्रेनं शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला मी पाहिलाय. इंग्रजी स्पेलिंग तर हमखास वेगळं असतं. दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकीची कागदं त्याप्रमाणं दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की मूळ प्रत जमा करायच्या आधी पाच-सहा झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा.

दुसरी गोष्ट फोन नंबरची. माझी एक विद्यार्थिनी, राधानगरी भागातली, बारावीला वर्गात पहिली आलेली. कॉलेजच्या अर्जात तिनं वडिलांचा नंबर दिला होता, कारण घरात तेव्हा तोच एक फोन. ती कोल्हापुरात खोलीवर आणि फोन वडिलांच्या खिशात, शेतात. परीक्षा फॉर्मचा मेसेज आला, वडिलांनी तो कंपनीचा मेसेज समजून पुसला. ती दंड भरून कशीबशी परीक्षेला बसली. ‘मॅडम, मला कुणी सांगितलंच न्हाई,’ असं सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून मी जानेवारीतच वर्गात विचारते : आधारला जोडलेला नंबर कुणाच्या खिशात असतो? सिम वडिलांच्या नावावर असलं तरी चालेल, पण नंबर मुलाच्या हातात हवा. तोच आधारला, बँकेला आणि प्रत्येक अर्जाला द्यायचा. ओटीपी येईल तिथं पोर हजर पाहिजे.

विचारायचा सराव

याच महिन्यांत मी मुलांना एक काम देते. प्रत्येकानं एकट्यानं बँकेत जायचं, आपल्या खात्याला आधार जोडलंय का हे विचारायचं आणि उत्तर वहीत लिहून आणायचं. काम पाच मिनिटांचं. एकदा मी त्याच बँकेत उभी होते. माझ्या वर्गातला मुलगा पासबुक छातीशी धरून खिडकीजवळ उभा होता. मागून आलेल्या तिघांना त्यानं पुढं जाऊ दिलं. चौथे येऊन पुढं घुसले तेव्हा क्लार्कनं मान वर करून विचारलं, ‘तुझं काय रे?’ आणि हा म्हणाला, ‘काय न्हाई.’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि विचारून आला. त्याच्या वहीतलं ते एका ओळीचं उत्तर अजून माझ्या लक्षात आहे : ‘जोडलेले नाही, फॉर्म भरला.’

घरीही हा सराव करता येतो. एसटीची चौकशी, दवाखान्यात नंबर लावणं, पतसंस्थेतून स्टेटमेंट आणणं, हे बारावीच्या पोराकडून करून घ्या. तुम्ही बाजूला थांबा, पण त्याच्या वतीनं बोलू नका. सोबत अर्ज लिहायला शिकवा : प्रति, विषय, महोदय, दोन वाक्यांत अडचण, एका वाक्यात मागणी, सही, तारीख, खाली नंबर. दोन प्रती काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची. शिक्का घेतलेली ही पोच पुढं फार कामाला येते.

कॉलेज बघून या

कॉलेज ठरवताना आपण टक्केवारी बघतो आणि मित्र कुठं चाललेत ते बघतो. त्याआधी एक दिवस, सुट्टीचा नव्हे, कामाचा वार धरून, मुलाला घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा. गगनबावडा ते कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. कागदावर दीड तास. पण घरापासून फाट्यापर्यंतची चाल, गाडीची वाट, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरून पुढं केएमटी म्हणजे शहराची बस, हे सगळं घड्याळ लावून मोजा. संध्याकाळची परतीची शेवटची गाडी किती वाजता, तेही लिहून घ्या. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकं दुपारनंतर लांबतात. मुक्कामी गाडी सहाला सुटत असेल आणि प्रॅक्टिकल साडेपाचला संपत असेल, तर रोजचं ये-जा कागदावर जमतं, पावसाळ्यात जमत नाही. जाऊन-येऊन चार तासांवर वेळ जात असेल तर खोलीचा विचार करा, असं माझं मत आहे. थकलेलं पोर पुस्तक उघडत नाही.

पासाचाही हिशेब करा. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. पुढं तो सवलतीचा होतो, मोफत राहत नाही. हे घरात आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या महिन्यातच मुलीच्या शिक्षणावर चर्चा सुरू होते.

कॉलेजात गेल्यावर ऑफिसातल्या माहितीपत्रकावर थांबू नका. तिथली दुसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा आणि विचारा : तास होतात का? लायब्ररीत बसायला जागा मिळते का? प्रयोगशाळा रोज उघडते का? मुलगी असेल तर मुलींना विचारा.

अभियांत्रिकी, फार्मसीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. बीबीए आणि बीसीएलाही २०२४-२५ पासून सीईटी लागू झाली, हे मात्र पुष्कळ घरांत निकालानंतर कळतं. अर्जाच्या तारखा बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच असतात.

विद्यापीठ म्हणजे नेमकं काय

‘युनिव्हर्सिटीला ॲडमिशन घेतलं’ असं मुलं म्हणतात, तेव्हा त्यांनी बहुतेक एखाद्या संलग्न कॉलेजात प्रवेश घेतलेला असतो. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडं आहेत. सागरमाळावरच्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची मुलं कॉलेजात शिकतात आणि पदवी विद्यापीठाची मिळते. काही कॉलेजं स्वायत्त आहेत. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा आपली आपण बघतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच. आपलं कॉलेज यातलं कुठलं, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या, कारण परीक्षेची नोटीस कुठल्या वेबसाइटवर बघायची ते त्यावर ठरतं.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीचा साचा बदललाय. एक वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. एक मुख्य विषय, जोडीला दुय्यम विषय, आणि कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे छोटे-छोटे पेपर. मुलं या छोट्या पेपरांकडं दुर्लक्ष करतात आणि तिथंच अडकतात. म्हणून क्रेडिट म्हणजे काय ते आकड्यांत समजून घ्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे सेमिस्टरभरात, म्हणजे एका सत्रात, ३० तास. हजेरी ७५ टक्के लागते, म्हणजे २३ तास बसायलाच हवं. चुकवायला उरले फक्त ७. गावची जत्रा, मावसबहिणीचं लग्न, भाताची मळणी आणि दोन दिवसांचा ताप एवढ्यातच ते संपतात. एका सेमिस्टरला अशी २० ते २२ क्रेडिटं असतात. मिळालेली क्रेडिटं शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात. त्यासाठी अपार आयडी लागतो, म्हणजे विद्यार्थ्याचा बारा आकडी ओळख क्रमांक. तो आणि विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणखी एक. बोर्डात वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा. इथं सेमिस्टर चार-पाच महिन्यांत संपतं, आणि अंतर्गत गुण आधीच चाचण्या, स्वाध्याय, सेमिनारमधून जमा होत असतात. ‘शेवटी बघू’ म्हणणाऱ्याचे हे गुण हातचे जातात.

पैसा कधी येतो, फी कधी भरायची

आपल्या भागात घरात पैसा कसा येतो हे बघा. ऊस हिवाळ्यात तुटतो. कायद्यानं चौदा दिवसांत बिल जमा व्हायला हवं, आणि त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं. जून-जुलैत, म्हणजे नेमकं फी भरायच्या वेळी, घरात पेरणीचा खर्च असतो. म्हणून ऊसबिल आलं की त्याच आठवड्यात फीची रक्कम मुलाच्या खात्यावर वेगळी काढा. खानावळीचं आणि खोलीचं मात्र दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर बसवता येतं. ज्या घरांनी अशी वाटणी केली, त्यांची मुलं मला पैशासाठी शिक्षण सोडताना दिसली नाहीत.

कमी पडलंच तर प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं की ऑफिसातून नकार येतो. लेखी अर्जाचा विचार करावा लागतो.

शिष्यवृत्त्या शासनाच्या महाडीबीटी या वेबसाइटवरून मिळतात. मागासवर्गीय मुलांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप, म्हणजे फीमाफी, आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या गटातल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ती घरातल्या दोन मुलांपर्यंत मिळते. वसतिगृहात किंवा खोलीवर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुलींसाठी मोठी गोष्ट २०२४-२५ पासून झाली : आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर ही माफी नाही. एजंट हे सांगत नाहीत.

अर्ज भरून झाला असं वाटलं तरी कॉलेजच्या लॉगिनला तो मंजूर व्हावा लागतो. दर पंधरा दिवसांनी अर्जाची स्थिती बघा आणि कॉलेजातल्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर जाऊन विचारा.

खोली, बोर्डिंग, खानावळ

राहायची सोय ही शिक्षणाची अर्धी बाजू आहे, हे या गावाला सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक समाजाची वसतिगृहं उभी करायला हातभार लावला. खेड्यातलं पोर शहरात बुद्धीनं मागं पडत नाही, झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण नसल्यानं मागं पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. दसरा चौकाच्या परिसरात त्या बोर्डिंगांच्या खुणा आजही दिसतात. कॉलेजचं वसतिगृह, शासकीय वसतिगृह, समाजाचं बोर्डिंग, या क्रमानं चौकशी करा. त्यातलं काहीच जमलं नाही तर खोली बघा.

खोली बघताना पाणी किती वाजता येतं, वीजबिल कसं वाटतात, डिपॉझिट परत कधी मिळतं, हे विचारा आणि पैशांची पावती घ्या. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, खोलीत आधीपासून राहणाऱ्या मुलांना मालक नसताना भेटा. खानावळीत पैसे भरण्याआधी दोन दिवस जेवून बघा. बहुतेक खानावळी रविवारी रात्री बंद असतात. त्या रात्री पोर काय खाणार ते आधी ठरवा. मी मुलांना निदान भात-आमटी आणि अंडं करायला शिकून जा म्हणते, मुलग्यांनाही.

काम करून शिकायचं असेल तर विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, काही कॉलेजांतही आहे. पहिल्या सेमिस्टरमध्ये बाहेरची रात्रीची नोकरी धरू नका. आधी अभ्यासाचा अंदाज येऊ द्या.

पहिले आठ आठवडे

पहिल्या आठवड्यात कॉलेज पायाखाली घालायचं. ऑफिस, लायब्ररी, परीक्षा विभाग, शिष्यवृत्तीचं टेबल, मुलींची खोली, नोटीस बोर्ड. रोज कॉलेजात शिरताना एकदा नोटीस बोर्ड वाचायचा, ग्रुपवर विसंबायचं नाही. लायब्ररीचं कार्ड त्याच आठवड्यात काढायचं, कारण क्रमिक पुस्तकाच्या मोजक्या प्रती पहिल्या पंधरवड्यातच बाहेर जातात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इंग्रजी अंगावर येतं. मराठी माध्यमातल्या कला-वाणिज्यच्या मुलांची इथं फार घुसमट होते. सरांचं बोलणं कानावरून जातं, पोर वहीत फुल्या मारत बसतं आणि महिन्याभरानं मागच्या बाकावर जातं. यावर माझा अनुभवाचा उपाय असा. आदल्या रात्री उद्याच्या धड्याची फक्त शीर्षकं आणि ठळक शब्द वाचायचे. दहा शब्द वहीत लिहून त्यांचा अर्थ काढायचा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. तासाला पहिल्या दोन बाकांवर बसायचं. तास झाल्यावर त्याच दिवशी वीस मिनिटं, पुस्तक मिटून, जे समजलं ते मराठीत लिहायचं. मग त्यातल्या चार ओळी इंग्रजीत. सहा आठवड्यांत कान बसतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चौथ्या आठवड्यापर्यंत निदान एका सरांना किंवा मॅडमना तासाबाहेर भेटायचं. कसं बोलायचं तेही सांगते, कारण मुलं इथंच अडतात : ‘सर, मी बी.कॉम. पहिल्या वर्षाला आहे. काल तुम्ही घसारा शिकवला, त्यातली पहिली पद्धत समजली, दुसऱ्या पद्धतीत वर्षअखेरची किंमत कशी काढायची ते कळलं नाही. तुम्हाला वेळ कधी असेल?’ आपण कोण, काय समजलं, कुठं अडलं, वेळ कधी. ‘सर, काहीच कळत नाही’ म्हटलं तर सरांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. आरशासमोर दोनदा म्हणून जा.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला घरची आठवण सगळ्यात जास्त येते. नवलाई संपलेली असते आणि सवय झालेली नसते. या दिवसांत पोर दर शनिवारी गावाकडं पळतं. महिन्यातून दोन रविवार कोल्हापुरातच काढायचे असं आधीच ठरवा. रंकाळ्यावर फिरावं, वर्गातल्या कुणाच्या खोलीवर जावं.

आईवडिलांनी काय करायचं

फोनवर ‘जेवलास का’ विचाराच. पण सोबत ‘आज कुणाशी बोललास?’ आणि ‘आज काय विचारलंस?’ हेही विचारा. उत्तर तीन-चार दिवस ‘कुणाशी न्हाई’ येत राहिलं तर रविवारी जाऊन या. ओरडायला जाऊ नका, सोबत जेवायला जा. मळणीला, ऊस लागणीला शुक्रवारी बोलवू नका. वर सांगितलेले ते ७ तास त्याचे राहू द्या. जोतिबाची चैत्र यात्रा दुसऱ्या सेमिस्टरच्या अखेरीला येते, तेव्हा आधी परीक्षेचं वेळापत्रक बघा.

कुणी रॅगिंग केलं तर सहन करायचं नाही. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. मन फारच खचलं, झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. हे दोन्ही नंबर मुलाच्या फोनमध्ये आधीच साठवून द्या आणि ‘असं काही झालं तर पहिल्यांदा आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही’ हे तोंडानं म्हणा. मनात असून चालत नाही, म्हणावं लागतं.

शाखाच चुकली असं वाटलं तर लपवू नये. लवकर सांगितलं तर प्रवेश रद्द करून फीचा मोठा भाग परत मिळू शकतो, उशीर झाला की रक्कम घटत जाते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही, आयोगानं ते २०१८ साली स्पष्ट केलंय.

दिवाळीला पोर घरी आलं की फराळ झाल्यावर तीच फाइल पुन्हा चटईवर मांडा. पीआरएन आहे का, परीक्षा फॉर्मची पावती आहे का, महाडीबीटीचा अर्ज कुठं अडलाय, अंतर्गत गुण कुठल्या पेपरचे राहिलेत, मार्चनंतर कुठला दाखला नवा काढायचा. या खेपेला यादी त्याला करू द्या आणि सेतू केंद्रात त्याला पुढं उभं करा. तुम्ही मागं बाकड्यावर बसा.